गोड्याचं खारं, खाऱ्याचं गोडं

२६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि १९९३ पासून धूळ खात पडलेल्या, शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाचं नशीब फळफळलं. केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हला पंप बसले. काम एकच: पावसाचं पाणी झटपट समुद्रात ढकलणं.

हिंदमाता परिसरात तुंबणारं पाणी तर आता परळ-दादरच्या मैदानांखालच्या टाक्यांत साठतंही. पण पाऊस ओसरून ओहोटी लागली, की तेही समुद्राकडे रवाना!

पिण्याचं पाणी मात्र शंभरेक किलोमीटरवरच्या भातसा-वैतरणेतून आणायचं. तेही पुरेना, म्हणून मनोरीला समुद्राचं रोज २० कोटी लिटर पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला गेला. गोडं खारं करायला एक निविदा, खारं गोडं करायला दुसरी.

शहर पावसाचं पाणी असं समुद्रात सोडतं; मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचयाची सक्ती मात्र २००२ पासूनच आहे.