सरकार नावाची आत्याबाई

प्रत्येक घराण्यात एक आत्याबाई असते. लग्नाच्या पंगतीत नव्या सुनेला कोपऱ्यात गाठून ‘काय गं, गोड बातमी कधी?’ असं विचारायचा मक्ता तिच्याकडे असतो. तिसऱ्या खेपेला हीच आत्याबाई तोंडाला पदर लावून म्हणते, ‘अगोबाई, पुन्हा?’ आपल्याकडे हे काम हौसेखातर चालतं. सिंगापूरने त्यासाठी सरकारी खाती उघडली.

१९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झालं. बेट जेमतेम मुंबईएवढं आणि बाईमागे मुलं सरासरी साडेचारांहून जास्त. आत्याबाई हादरल्या. १९६६ मध्ये कुटुंबनियोजन मंडळ आलं, १९७२ मध्ये घोषणा आली: ‘दोनवर थांबा.’ नुसती घोषणा नव्हे. तिसऱ्या बाळंतपणाला पगारी रजा बंद. प्रसूतीचं बिल प्रत्येक मुलागणिक चढतं. एक-दोन मुलांवर नसबंदी करून घेतलेल्यांच्या पोरांना शाळाप्रवेशात अग्रक्रम. आपल्याकडे प्रवेशासाठी नगरसेवकाची चिठ्ठी शोधतात, तिथे ऑपरेशनचा दाखला चालायचा.

लोक शहाणे निघाले. दहा वर्षांत आकडा दोनाच्या आसपास आला. मंडळाने पाठ थोपटून घेतली. पण आकड्याला कुणी सांगितलंच नव्हतं की बाबा, आता थांब. तो खाली जातच राहिला.

१९८३ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू राष्ट्रीय दिनाच्या भाषणात कळवळले: पदवीधर मुली लग्नच करत नाहीत! म्हणजे इतकी वर्षं चिंता मुलं फार होतात याची होती, आता चिंता ‘नको त्यांना’ होतात याची. १९८४ मध्ये पदवीधर आयांच्या तिसऱ्या मुलाला शाळेत अग्रक्रम जाहीर झाला. कमी शिकलेल्या, कमी कमाईच्या तरुण आईने एक-दोन मुलांवर नसबंदी केली, तर तिला घरासाठी दहा हजार डॉलर. एकीला पाळणा, दुसरीला कुलूप. त्याच डिसेंबरात निवडणूक झाली आणि सत्ताधारी पक्षाची मतं सुमारे तेरा टक्क्यांनी घसरली. पुढच्या वर्षी शाळेची सवलत घडी घालून ठेवली गेली.

१९८४ मध्येच सरकारने पदवीधरांसाठी वधूवर सूचक खातंही काढलं. चहापान, नाच, बोटीच्या सहली, सगळं शासकीय देखरेखीखाली. लोकांनी खात्याची इंग्रजी आद्याक्षरं फोडून त्याचं ‘एकटे, अगतिक आणि कुरूप’ असं बारसं केलं. सरकारी खर्चाने झालेलं ते पहिलं बारसं असावं.

१९८७ मध्ये आत्याबाईंनी जाहीर कोलांटी मारली. कुटुंबनियोजन मंडळाला आदल्या वर्षीच टाळं लागलं होतं. आता नवी घोषणा: ‘तीन किंवा जास्त होऊ द्या, परवडत असेल तर.’ शेवटचे तीन शब्द नीट वाचा. सगळी गोम तिथेच आहे. पंधरा वर्षं पोस्टरवरून, बिलावरून, रजेच्या अर्जावरून एकच गोष्ट शिकवली होती: मूल म्हणजे खर्च. प्रजेने ती पाठ केली. आता फळ्यावरचं गणित पुसून ‘मूल म्हणजे आनंद’ लिहायला गेले, तर खडू उमटेना.

मग उपाय काय? पुन्हा पैसेच. २००१ पासून बाळाचा बोनस सुरू झाला. आज पहिल्या दोन मुलांना प्रत्येकी अकरा हजार सिंगापुरी डॉलर, तिसऱ्यापासून तेरा हजार. पूर्वी तिसऱ्या मुलाचा दंड होता, आता तिसऱ्या मुलाचा भाव आहे. भाव लागला की गिऱ्हाईक घासाघीस करणारच. नवरा-बायको बोनस एका पारड्यात ठेवतात आणि दुसऱ्यात बाराव्या वर्षी येणारी प्राथमिक शाळेची ती जीवघेणी परीक्षा, तिच्या शिकवण्या आणि घराचा हप्ता. तिथल्या होक्कियन बोलीत ‘किआसू’ असा शब्द आहे, आपण मागे पडू ही धास्ती. किआसू आईबाप एकाच मुलात तिघांची शिकवणी घालतात.

घराचंही ऐका. सरकारी फ्लॅट हवा तर लग्न ठरलेलं हवं, नाहीतर एकट्याने पस्तीस वर्षांचं व्हायचं. नवा फ्लॅट बांधून हाती यायला तीन-चार वर्षं. म्हणून तिथे मुलगा गुडघ्यावर बसून अंगठी काढत नाही, ‘आपण फ्लॅटला अर्ज करायचा का?’ असं विचारतो. नंबर लागेपर्यंत प्रेम टिकलं तर पाळण्याचा विचार. आत्याबाईंनी आधी रांगेत उभं केलं, आता उशीर का झाला म्हणून विचारतायत.

आणि ज्या घरात पाळणा हललाच, तिथे तो हलवतं कोण? फिलिपिन्स, इंडोनेशिया, म्यानमारहून आलेली घरकामाची बाई. अशा अडीच लाखांहून अधिक बायका त्या बेटावर राबतात. त्यांची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, त्यात गर्भ राहिला नाही ना हेही पाहतात. राहिला तर साधारणपणे परवाना रद्द आणि परतीचं विमान. ज्या देशात बाळासाठी सरकार हजारो डॉलर मोजतं, त्याच देशात गोड बातमी दिली म्हणून एका बाईची नोकरी जाते. गोड बातमीलाही पासपोर्ट लागतो.

२०२३ मध्ये बाईमागे मुलांचा आकडा पहिल्यांदा एकाच्या खाली गेला: ०.९७. २०२४ हे चिनी पंचांगातलं ड्रॅगनचं वर्ष, संततीला फार शुभ. १९८८ च्या ड्रॅगनने आकडा खरंच वर उचलला होता. या ड्रॅगनने शेपूटही हलवलं नाही, आकडा तिथेच. नागरिकांत पाचातला एक जण पासष्टीचा किंवा त्यापुढचा झालाय. साठ लाखांच्या देशात नागरिक छत्तीस लाख, उरलेले बाहेरून आलेले. २०१३ मध्ये सरकारने २०३० पर्यंत लोकसंख्या ६९ लाखांवर जाऊ शकेल असा कागद काढला, तर एरवी शिस्तीत रांग लावणारे हजारो लोक हाँग लिम पार्कात निषेधाला जमले. घरात पाळणा नको आणि दारात पाहुणाही नको!

हसू नका. महाराष्ट्रातही बाईमागे मुलं १.७ वर आलीत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. तरी १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर आपल्याकडे सरपंचकी जाते. तिकडे आंध्रने अशी अट २०२४ मध्ये काढून टाकली. मुख्यमंत्री चंद्राबाबू तर दोनाहून जास्त मुलं असणाऱ्यांनाच निवडणूक लढवू द्यावी असं बोलून बसले. एकाच देशात तिसरं मूल इकडे अपात्रता, तिकडे होऊ घातलेली पात्रता.

म्हणजे आपल्या आत्याबाईही कोलांटीच्या तयारीत आहेत. फक्त एक लक्षात असू द्या. सूनबाई आता शिकलेली आहे, कमावती आहे आणि तिची स्मरणशक्ती चांगली आहे. परवा पंगतीत ‘गोड बातमी कधी?’ विचारलंत, तर ती जिलेबी वाढता वाढता म्हणेल, ‘आत्याबाई, मागच्या वेळी ‘अगोबाई, पुन्हा?’ कोण म्हणालं होतं?’