मारुतीच्या वारी व्हॅलेंटाइन

यंदा 14 फेब्रुवारी शनिवारी आला. म्हणजे प्रेमाचा दिवस नेमका मारुतीच्या वारी, आणि लगेच दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. ज्या घरात आई आहे, त्या घरात या दोघांच्या मध्ये व्हॅलेंटाइन घुसवायचा म्हणजे सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये सुटकेस घेऊन चढण्यासारखं. तरी मी ठरवलं.

कारण एका पुरवणीत लेख वाचला. 'हॉटेलं विसरा! घरच्या घरी, कमी खर्चात, दोघांतच करा अंतरंग सोहळा.' अंतरंग सोहळा हा शब्द आजवर कुणा जिवंत मराठी माणसानं तोंडानं उच्चारला असेल असं वाटत नाही. बायकोला वाचून दाखवला तर म्हणाली, "म्हणजे काय, एंडोस्कोपी?"

तीनपैकी दोन अटी आम्ही डोळे मिटून पास होतो. 'कमी खर्चात' हा तर गृहकर्ज फेडणाऱ्याचा स्वभावच, आणि 'घरच्या घरी' आम्ही रोजच असतो. गाडी अडते ती 'दोघांतच' या शब्दापाशी. आमचं घर वन बीएचके, चटईक्षेत्र 410 चौरस फूट, माणसं चार : आई, दहावीची परीक्षा तोंडावर आलेली लेक आणि आम्ही दोघं. माणशी एकशे अडीच चौरस फूट. त्यातून दिवाण, फ्रिज, गोदरेजचं कपाट आणि लग्नात आलेला, अजून खोक्यातच असलेला डिनर सेट वजा करा. उरते ती जागा दाराच्या मागची. तिथं छत्र्या आहेत.

लेखातला पहिला सल्ला : बाथटबमध्ये गुलाबाच्या पाकळ्या सोडा. आमच्याकडे बादली आहे. नळाला पाणी पहाटे साडेपाच ते साडेसहा. त्या वेळी प्रेमाबिमाचा विषय काढणाऱ्याला आधी पिंप भरावं लागतं. दुसरा सल्ला : बाल्कनीत दोन खुर्च्या टाकून चांदणं बघा. बाल्कनी आम्ही बारा वर्षांपूर्वी आत घेतली. तिथं आता भूमिती चालू असते.

मग म्हटलं, जागा वाढवता येत नाही, तर माणसं कमी करू. आईला सुचवलं, देवळात कीर्तनाला जा. म्हणाली, "कीर्तन उद्या आहे, आज जाऊन काय पायऱ्या मोजू?" लेकीला म्हटलं, मैत्रिणीकडे अभ्यासाला जा. गेलं वर्षभर जी घरी पुस्तकाला हात लावत नव्हती ती म्हणाली, "नको बाबा, मी घरीच बसते. तुम्हालाही बरं वाटेल." हल्ली ॲपवर दहा मिनिटांत गुलाब, चॉकलेट, टेडी सगळं दारात येतं. घरातली दोन माणसं दीड तासासाठी घेऊन जाऊन सुखरूप परत आणून देणारं ॲप मात्र कुणी काढलेलं नाही. काढा, मी पैसे भरतो. तिथं काटकसर करणार नाही.

मुंबईत हे दुखणं जुनंच आहे. बँडस्टँडच्या खडकांवर जोडपी समुद्राकडे तोंड करून बसतात, ती काही समुद्र बघायला नव्हे. घरात पाठ करायलाही जागा नसते म्हणून. 2021 साली बोरिवलीत एका सोसायटीनं समोरच्या रस्त्यावर 'नो किसिंग झोन' असं रंगवून घेतलं होतं. 2023 साली केंद्राच्या पशुकल्याण मंडळानं तर 14 फेब्रुवारीला गाईला मिठी मारायचं आवाहन केलं, आणि 10 तारखेला मागं घेतलं. बायको तेव्हा हळहळली होती. गाईला मिठी मारायला निदान मोकळं मैदान तरी मिळालं असतं.

असो. गुलाब आणला. आठवडाभरापूर्वी दहा रुपयांना मिळणारं फूल साठला झालं होतं. मावळात तळेगावच्या आसपास पॉलिहाऊसमध्ये पिकणारा लाल गुलाब या दिवसासाठी जानेवारीच्या अखेरीपासून विमानानं परदेशी जातो. त्यातल्या एका जातीचं नाव आहे 'टॉप सीक्रेट'. फुलवाला म्हणाला, हा तोच. मी तो ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या मागं लपवून आणला. दार उघडताच आईनं विचारलं, "गुलाबाचा वास कुठून येतोय?" पॉलिहाऊसच्या गुलाबाला वास नसतो म्हणतात, पण आईचं नाक निर्यातीच्या दर्जाचं आहे. "लाल कशाला आणलास? शंकराला पांढरं लागतं. आणि मारुतीला रुईची माळ सांगितली होती, ती विसरलासच." क्षणभर विचार करून म्हणाली, "असू दे, देवीला वाहते." टॉप सीक्रेट देव्हाऱ्यात गेला. बायकोनं लांबून हात जोडले.

इथं एक खुलासा करायला हवा. कॉलेजात ही मला 'अरे' म्हणायची. लग्नानंतर आईसमोर 'अहो' झालं, आणि आई कायम समोर असल्यामुळे तेच राहिलं. 'अरे' हल्ली फक्त लोकलमध्ये, मी चुकीच्या बाजूला उतरायला निघालो की ऐकू येतं.

लेखातल्या सल्ल्यांपैकी आता उरल्या मेणबत्त्या. नऊ वाजता स्वयंपाकघरातला दिवा मालवला, ओट्यावर दोन मेणबत्त्या लावल्या. सात सेकंद बरी गेली.

"लाइट गेले का रे?"

"नाही आई."

"मग अंधारात काय चाललंय?"

याला उत्तर तयार होईपर्यंत बेल वाजली. समोरचे काका टॉर्च घेऊन दारात. खिडकीतून त्यांना मेणबत्ती दिसली होती. "आमचे आहेत, तुमचेच गेलेत. म्हणजे फ्यूज," असं म्हणत त्यांनी स्टूल मागितलं. माणूस मदतीला धावून आला की त्याला आपण रोमँटिक आहोत असं सांगता येत नाही. मी स्टूल धरलं. काकांनी चालू असलेला फ्यूज काढला आणि मग आमचे खरोखरच गेले.

दुरुस्ती, चहा आणि सोसायटीच्या वायरिंगवर काकांचं भाषण होईतो साडेदहा झाले. पावणेबाराला मी पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात ही फ्रिज उघडा ठेवून, त्याच्याच उजेडात उद्याचा साबुदाणा चाचपत उभी होती. फ्रिजच्या दारातलं माझं चॉकलेट लेकीनं अर्धं संपवलं होतं. उरलेलं आम्ही वाटून घेतलं.

"अरे," ती कुजबुजली, "साबुदाण्यात पाणी जास्त झालंय. उद्या खिचडीचा गोळा होणार."

मी म्हटलं, होऊ दे.

बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. "फ्रिज लावा. बिल येतं."