वाटीतला पंचम

मराठी माणसाला दोन गोष्टी येतातच, अशी भोपाळची पक्की समजूत आहे: पुरणपोळी आणि गाणं. भेलमधून निवृत्त होऊन मी अयोध्या नगरात राहायला आलो आणि जवळच्या एका शाळेनं "आप तो मराठी हैं, गाना आता ही होगा" म्हणत सहावी ते आठवीचा संगीताचा तास माझ्या गळ्यात बांधला. पुरणपोळी मागितली असती तर निदान बायकोकडे बोट दाखवता आलं असतं.

साहित्य काय आहे म्हणून विचारलं, तर डेड स्टॉक रजिस्टर पुढ्यात आलं. 'हार्मोनियम १, तबला जोडी १.' जोडीपैकी डग्गा वर्गाचं दार आपटू नये म्हणून दाराशी नेमणुकीवर होता. तबल्याची शाई उडाली होती. पेटीचा धैवत एकदा दाबला की वर यायचा नाही, भाता हलेल तोवर बोंबलत राहायचा. वृंदावनी सारंगात धैवत वर्ज्य असतो, हे त्या पेटीला कोणी सांगितलेलं नव्हतं. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. तिचं मर्म मला इथे कळलं.

नव्या वाद्यांसाठी अर्ज लिहायला बसलो आणि मैहर आठवलं. आमच्याच मध्य प्रदेशातलं. तिथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना शिकवून मैहर बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं 'नलतरंग' बनवलं. मी उत्साहानं अर्जात 'जुन्या बंदुका' असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं आणि आतून पाणी मागवलं.

पाण्यावरूनच पुढचं सुचलं. मुलांना सांगितलं, घरून एकेक चिनी मातीची वाटी आणा. आठ वाट्या ओळीत मांडल्या, पाणी कमी-जास्त करत सा ते वरचा सा लावला, पेन्सिलीनं वाजवून पाहिला. जलतरंग तयार! मी फळ्याकडे वळून भातखंड्यांच्या पद्धतीनं कोमल स्वराखाली आडवी रेघ काढत होतो, तेवढ्यात मागून आरोळी आली, "सर, इसने रे पी लिया!"

खेळाच्या तासावरून आलेल्या एका तहानलेल्या जिवानं अर्धा रिषभ घशाखाली घातला होता. वाजवून पाहिलं तर रे कुठला, गंधारच्या आसपास काहीतरी! पाणी कमी झालं की वाटी हलकी होते, जलद थरथरते, सूर चढतो. माझं हे सांगून होतंय तोच सातवीतल्या एका मुलीनं रिकाम्या बाटलीत फुंकर मारली, थोडं पाणी ओतलं, पुन्हा फुंकली. "सर, पानी बढ़ाया तो सुर ऊपर गया. आपका गलत है."

वर्गात शांतता. धैवतसुद्धा गप्प. बरोबर मुलगीही होती आणि मीही. वाटीत थरथरते ती पाण्यानं जड झालेली वाटी, बाटलीत कंप पावते ती आतली हवा. पाणी वाढलं की हवेची जागा आखूड होते, सूर चढतो. शेजारच्या वर्गातले विज्ञानाचे सर गोंगाटाची तक्रार करायला आले होते, ते तास संपेपर्यंत बाटली फुंकत बसले.

पेटी धड असती तर मी वर्षभर अलंकार घोकून घेतले असते आणि मला 'गलत' म्हणायची वेळ कुणावर आली नसती. आता रजिस्टरात नवी नोंद आहे: 'वाट्या ८, बाटल्या ५, पाणी नळ आल्यास.'

तरी अयोध्या नगरात ज्यांच्या घरी चिनी मातीची एखादी वाटी कमी भरत असेल, त्यांनी कामवालीवर संशय घेऊ नये. ती आमच्याकडे पंचम म्हणून काम करते आहे. वार्षिक परीक्षा झाली की परत पाठवू. धुऊन.