कनेक्टरवाले अण्णा

कुंडलात तारा तोडणाऱ्यांना मोठा मान. जी. डी. बापू लाडांचं हे गाव, प्रतिसरकारचं ठाणं. १९४२ नंतरच्या धामधुमीत सरकारी तारा तोडणं म्हणजे देशकार्य. त्याच गावात एक तार नीट जोडता यावी म्हणून निवृत्तीनंतरची सगळी वर्षं घालवणारा माणूस निघावा, याचं जुन्या मंडळींना वाईट वाटत असेल. अण्णांना मात्र नाही.

अण्णा किर्लोस्करवाडीला कारखान्यात टर्नर होते. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, दिल्लीहून परवाना आला, व्हीयू थ्रीनं सुरू होणारा कॉलसाइन मिळाला. गच्चीवर अँटेना चढली, खोलीत सेट आला. आता हे दोन्ही जोडायचे तेवढे राहिले. तिथंच अण्णा थांबले ते थांबलेच.

तसं पाहिलं तर गोष्ट साधी. सेटच्या पाठीमागं एक तोंड असतं, त्यात केबलच्या टोकाची पिन बसवायची नि आवळायची. बहुतेक सेटना पीएल-२५९ ही जाडजूड पिन लागते. अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाली, अजून चालते. अण्णांना तिचा आटा तोंडपाठ आहे: पाच अष्टमांश इंच, इंचाला २४ पेच. "पण अवरोध एकसारखा नाही हो हिचा," असं ते म्हणतात, तेव्हा सोयरिकीतला मुलगा व्यसनी निघाल्याचं सांगताहेत असं वाटतं. "वर शंभर-दोनशे मेगाहर्ट्झच्या पुढं गेलात की दगा देती. आन् पावसाचं पाणी आत घेती." मग ते एन कनेक्टर काढतात. बेल लॅब्जच्या पॉल नील यांचा. पन्नास ओहम, आत रबराचं वायसर, पाणी शिरायचं नाव नाही. नंतर बीएनसी: दाबून पाव फेरा फिरवला की बसला. हातातल्या छोट्या सेटचा एसएमए तर ते चिमटीत धरून दाखवतात आणि खाली पडला की घरातल्या सगळ्यांना हलायची बंदी होते.

नियमानं प्रत्येक हौशी रेडिओवाल्याला संभाषणांची नोंदवही ठेवावी लागते. अण्णांची ही वही पातळ आहे. दुसरी, कनेक्टरांची, जाड आहे. तिच्यात चांदीचा मुलामा की निकेलचा, आतला पांढरा भाग टेफ्लॉनचा की साध्या प्लास्टिकचा, डाग देताना कुठला वितळला, कुठला टिकला, सगळं तारीखवार आहे. मुंबईला कुणी निघालं की लॅमिंग्टन रोडची यादी हातात पडते. भाचा लग्नाच्या खरेदीला गेला होता, त्यालाही पडली. काकू म्हणतात, "मंगळसूत्राला एवढं पारखलं न्हाई ह्यांनी."

अण्णा चेष्टेचा विषय आहेत, पण नुसते चेष्टेचे नाहीत. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा पलूस तालुक्यातल्या गावांत शिरली, तेव्हा विजेचा आणि फोनचा भरवसा किती असतो हे साऱ्यांनीच पाहिलं. अण्णांचा मुद्दा तिथून निघतो: आणीबाणीत सेट बंद पडत नाही, जोड बंद पडतो. मुद्दा बिनतोड आहे. पण माणूस त्या मुद्द्यावरच मुक्काम करतो. २००४च्या डिसेंबरात भारती प्रसाद अंदमानात हौशी रेडिओच्या मोहिमेवर होत्या. त्सुनामी आली आणि त्यांच्या सेटवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप बाहेर गेले. ही हकीकत ऐकून लोकांचे डोळे भरून येतात. अण्णांनी विचारलं, "खाऱ्या हवेत कनेक्टर कंचा टिकला त्यांचा?"

गेल्या पावसाळ्याआधी आळीतला एक कॉलेजचा पोरगा परवाना घेऊन आला. हातात पाच वॅटचा सेट. त्यानं गच्चीवर अँटेना लावली आणि खाली आणायला घरात पडून असलेली टीव्हीची आरजी-६ केबल वापरली, एफ पिन लावून. पुढं एक अ‍ॅडॉप्टर. अण्णांनी हे पाहिलं आणि जिन्यातच बसले.

"आरं, ही पंच्याहत्तर ओहमची! तुझा सेट पन्नासचा! आन् अ‍ॅडॉप्टर? अ‍ॅडॉप्टर म्हंजे जोडावर जोड, लेका!"

"अण्णा, शंभरातले चारच वॅट परत फिरत्यात. हिशेब केलाय मी."

हिशेब बरोबर होता. पन्नास आणि पंच्याहत्तरच्या गाठीला परतणारी शक्ती शेकडा चारच. आणि खरी गोम पुढं आहे. अण्णांच्या घरी दोन्ही टोकांना अस्सल एन कनेक्टर आहेत, पण मध्ये आहे बारीक आरजी-५८. एकशे पंचेचाळीस मेगाहर्ट्झला ही केबल पंधरा मीटरात जवळजवळ निम्मी शक्ती गिळते. टीव्हीची जाड केबल तेवढ्याच अंतरात पाऊण हिस्सा पोचवते. चांगला कनेक्टर फार तर एखाद-दोन टक्क्यांचा फरक पाडणार. म्हणजे अण्णांनी पैशांवर नजर ठेवली आणि रुपये केबलनं नेले.

संध्याकाळी पोरानं हाक दिली आणि तासगावहून उत्तर आलं, स्वच्छ, पाच-नऊ, म्हणजे पैकीच्या पैकी. अण्णा मागं उभे होते. ऐकलं, मान डोलावली, मग खाली वाकून पिन न्याहाळली.

"आवाज झ्याक हाय," म्हणाले, "पर पिन बघवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पिन स्वतः काढून नवी बसवली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. आवाजात काडीचा फरक पडला नाही. अण्णांच्या मते पडला, आणि ते म्हणाले म्हणून पोरानंही पडल्याचं कबूल केलं. थोरांचा मान राखणारं गाव आहे.

त्यांची स्वतःची आरजी-५८ अजून बदललेली नाही. जाड आरजी-२१३ आणायची म्हणतात, पण तिला कुठला कनेक्टर घ्यायचा, यावर अभ्यास चालू आहे. बोलायला माणूस मात्र लाखातला. तुम्ही कधी कुंडलला गेलात तर अवश्य भेटा, चहा घ्या, दोन तास सहज जातील. एकच करा: खिशात अ‍ॅडॉप्टर असला तर तो गाडीतच ठेवून जा.