आग लागणार आहे, उपस्थिती अनिवार्य

जळगावहून धुळ्याला जाताना रस्त्यात एक कॉलेज लागतं. एरंडोलच्या अलीकडे की पारोळ्याच्या पलीकडे, ते विचारू नका. आमचे दोन भाचे तिथे शिकतात आणि त्यांचे अंतर्गत गुण अजून लागायचे आहेत. एप्रिलमध्ये तिथल्या फलकावर नोटीस लागली : ‘उद्या सकाळी ठीक 11 वाजता महाविद्यालयात अचानक आग लागेल. सर्वांनी वेळेवर हजर राहावे. गणवेश आवश्यक.’

निमित्त अग्निशमन सप्ताहाचं. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीला आग लागली. बोटीत स्फोटकं होती आणि जोडीला कापसाच्या गाठी. कापसाची आग आतल्या आत कशी धुमसते, हे जिनिंगवाल्या खान्देशाला सांगायला नको. ती विझवता विझवता स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह 14 तारखेला सुरू होतो. पण 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे परीक्षा, मग रविवार. त्यामुळे आग पाहुण्यांच्या सोयीने लागते.

पाहुणे पावणेएकला आले. तोवर ट्रेमधलं डिझेल दोनदा पेटवून दोनदा विझलं होतं. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. मुलांचं म्हणणं, आपण पेटलोच आहोत, डिझेल वाया कशाला? आधी दीपप्रज्वलन झालं. मग त्याच काडेपेटीने, त्याच शुभहस्ते, आगीचं उद्घाटन. मग त्याच शुभहस्ते ती विझवली. फोटोग्राफर म्हणाला, ‘दादा, जरा इकडे बघा,’ म्हणून दादांनी सिलिंडरसकट कॅमेऱ्याकडे वळून पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांना पांढरी पावडर लावली. शाल, श्रीफळ, चहा.

सिलिंडर पुन्हा भिंतीवर गेला. पावडरचा सिलिंडर एकदा उघडला की पुन्हा भरून घ्यावा लागतो. काटा हिरव्यातून लाल पट्ट्यात उतरतो. तो उतरलाच होता. पण लाल रंगाच्या सिलिंडरवर लाल पट्टा शोभून दिसतो, असं कार्यालयाचं मत पडलं. शिवाय जुलै जवळच होता. राज्याच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला ‘नमुना ब’मध्ये द्यावा लागतो. परवानाधारक एजन्सीने तपासून द्यायचा असतो तो. आमच्याकडे यंत्रणा नसली तरी नमुना नेहमी चालू असतो.

बादल्यांचंही तेच. आगीच्या बादलीचं बूड गोल करतात, म्हणजे ती खाली ठेवता येत नाही आणि कोणी घरी नेत नाही. ही अक्कल ज्याने लढवली त्याला नमस्कार. पण आम्ही ती नेतच नाही, टांगलेल्या जागीच वापरतो. वाळूत अगरबत्त्या खोचलेल्या असतात आणि उरलेल्या जागेत विमलची पुडी विसावलेली असते.

खरी पंचाईत धुराची आहे. थंडीत जळगाव जिल्ह्यात धूर दिसला की माणूस पळत सुटत नाही, कांद्याची पात शोधतो. शेतात काड्यांवर वांगी भाजली जात असणार, भरीत होणार, कळण्याच्या पुऱ्या निघणार! अशा मुलखात धुराला घाबरायला शिकवायचं म्हणजे सोपं काम नाही.

आणि आगीचा भोंगा? जुलैत तो खरोखर वाजला. प्रयोगशाळेत वायर जळाली होती. वर्गातून कोणी उठलं नाही. प्राचार्य तेवढे धावत बाहेर आले आणि ओरडले, ‘कोणी दाबलं?’ कुठे लागली, हे नाही, कोणी दाबलं.

‘काय व्हयनं रे भो?’ जिन्यात एकाने विचारलं.

‘काही नही व्हयनं,’ दुसरा म्हणाला आणि मोबाइल बघत राहिला.

मागचा चॅनल गेट बंद होता. मुलं तासाला दांडी मारतात म्हणून त्याला कुलूप असतं. किल्ली शिपाई आबांकडे आणि आबा दळण आणायला गेलेले. हेच ते दार, ज्यावर हिरव्या अक्षरांत ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ लिहिलंय.

24 मे 2019 ला सुरतेत तक्षशिला आर्केडमध्ये क्लासला बसलेली 22 मुलं गेली. सुरत आम्हाला लांब नाही. ताप्ती लाइनने निम्मा खान्देश तिथे पोटाला गेलेला आहे. तेव्हा आमच्या गावागावांत क्लासवाल्यांना नोटिसा निघाल्या. नोटिसा काढण्यात आम्ही कधीच उशीर केलेला नाही.

पण खरा भोंगा ऐकून न उठणारा हाच माणूस आवईवर किती विश्वास ठेवतो, ते 22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यातल्या परधाडे स्टेशनजवळ दिसलं. मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये ‘आग, आग’ असा ओरडा झाला, कोणी साखळी ओढली, गाडी थांबली, लोक दिसेल त्या बाजूने उतरले. शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 माणसं गेली. आग नव्हतीच. साखळी कशी ओढायची ते डब्यात लिहिलेलं होतं. ओढल्यावर कोणत्या बाजूला उतरायचं, ते त्या माणसांना कधी कोणी सांगितलं होतं? इथे मला विनोद सुचत नाही, म्हणून पुन्हा कॉलेजात जातो.

प्रयोगशाळेतली वायर लॅब असिस्टंटने मेन स्विच पाडून विझवली. त्याला ना शाल मिळाली ना श्रीफळ. परवानगी न घेता वीज बंद केल्याबद्दल खुलासा मात्र मागितला गेला. चौकशी समिती बसली. ‘भोंग्यामुळे अध्यापनात व्यत्यय आला’ असा निष्कर्ष निघाला, भोंग्याची वायर काढण्यात आली आणि त्याच आठवड्यात ‘नमुना ब’ रवाना झाला.

परवा भाच्याने नवी नोटीस मोबाइलवर पाठवली : ‘भोंगा वाजल्यास विद्यार्थ्यांनी घाबरून न जाता प्रथम कार्यालयात येऊन आगीची खात्री करून घ्यावी. सोबत ओळखपत्र आणावे. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे. वेळ 10.30 ते 5.30. मधली सुट्टी 1.30 ते 2.’