थर्मोस्टॅट काढून फेकणाऱ्या मिस्त्रींना खुले पत्र

मिस्त्री,

तुमचं नाव मला माहीत नाही. माझ्या मावशीची मारुती ८०० गेल्या काही वर्षांत नाशिकमधल्या बऱ्याच गॅरेजांतून फिरली. त्यांतल्या नेमक्या कोणत्या गॅरेजात तुम्ही होतात हे आता शोधून सापडणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या हातची खूण मात्र सापडली. थर्मोस्टॅटवरचं झाकण मी घरी उघडलं, तेव्हा आतल्या खाचेच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याचे ओरखडे होते, पॅकिंगच्या जागी लाल सिलिकॉनचा जाड थर होता, आणि जिथे थर्मोस्टॅट असायला हवा तिथे काहीच नव्हतं. खराब झालेला थर्मोस्टॅट तरी मिळायला हवा होता. तोही नाही. तुम्ही तो काढलात, झाकण लावलंत, पैसे घेतलेत आणि मावशीला एका शब्दाने सांगितलं नाहीत.

भाग काढला याचा राग आहेच. न सांगता काढला याचा त्याहून जास्त आहे.

थर्मोस्टॅट काय करतो हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. पण तुमच्या गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. इंजिन थंड असतं तोवर मेण घट्ट राहतं आणि स्प्रिंग झडप मिटून धरते. कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, आणि इंजिन लवकर तापतं. ठरलेल्या तापमानाला मेण वितळतं, फुगतं, मधली दांडी रेटतं आणि झडप उघडते. ते तापमान थर्मोस्टॅटवरच कोरलेलं असतं. आठशेच्या थर्मोस्टॅटवर ८२ असतं. तिथून झडप उघडायला लागते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. ना वायर, ना बॅटरी. सर्जियस व्हर्नेट या अमेरिकी संशोधकाने १९३०च्या दशकात ही मेणाची युक्ती बसवली आणि आजही बहुतेक गाड्यांत तीच चालते. इतक्या गुणी वस्तूची किंमत काहीशे रुपये आहे. तुम्ही तेवढेही खर्च करायला सांगितले नाहीत.

तुमचं उत्तर मला पाठ आहे, कारण नवा थर्मोस्टॅट आणायला गेले तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या तुमच्याच एका व्यवसायबंधूने ते ऐकवलं: 'ताई, तो थंड देशातल्या गाड्यांसाठी असतो. आपल्याकडे हवाच गरम, इथे त्याचं काय काम?' हे वाक्य तुम्ही सगळे इतक्या खात्रीने म्हणता की ऐकणाऱ्याला ते शास्त्र वाटतं. जरा आकडे मांडू. इंजिनाला नीट चालायला पंच्याऐंशी-नव्वद अंश लागतात. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांवर गेला तरी इंजिनाच्या गरजेपेक्षा तो चाळीस अंशांनी थंडच असतो. आणि आमच्याकडे निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, ते वेगळंच. मावशी त्या निफाडच्या शाळेत शिकवायची. पहाटेची थंडी कापत हीच गाडी ती नेत होती.

शिवाय उन्हाळ्यात थर्मोस्टॅट इंजिनाला गरम करत नाही, हे तुम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगणार? एकदा झडप पूर्ण उघडली की त्याचं काम संपलं. पुढची उष्णता बाहेर टाकणं हे रेडिएटरचं, पंख्याचं आणि वॉटर पंपाचं काम. मे महिन्यात गाडी तापत असेल तर चूक तिथे शोधायची. झडप अडकून मिटलेली राहिली असेल तर थर्मोस्टॅट बदलायचा. काढून रिकामं भोक ठेवणं ही दुरुस्ती होत नाही.

आता त्या रिकाम्या भोकाने काय केलं ते ऐका. गाडी हायवेला लागली की तापमानाचा काटा खाली झोपायचा. मावशीला वाटायचं, गाडी किती थंड चालते, मिस्त्रींनी काम चांगलं केलं. तिची गाडी एमपीएफआय आहे, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. कूलंट थंड आहे असं सेन्सर सांगत राहिला, म्हणून कॉम्प्युटर वॉर्म-अपसाठी लागतं तसं जास्तीचं पेट्रोल ओतत राहिला. अॅव्हरेज घसरलं, प्लग काजळीने काळे झाले. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळलं आणि ऑइल पातळ झालं. ऑइल पुरेसं गरम होत नसल्याने ज्वलनातून आलेलं पाणी उडून जाईना. हे पाणी ज्वलनातल्या वायूंबरोबर मिळून आम्ल तयार करतं आणि बेअरिंग, रिंगा, सिलिंडर हळूहळू खातं. हिवाळ्यात हीटर लावला तर हवा कोमट. पावसात कसारा घाटात समोरची काच आतून धूसर व्हायची आणि मावशी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातातल्या फडक्याने ती पुसायची. हे लिहिताना माझा हात अजून थरथरतो. साठी उलटलेली बाई, ट्रकांच्या रांगेत, धुक्यात, एका हाताने.

सगळ्यात वाईट पुढे आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट पांढरा थर जमला, ताकावर आलेल्या लोण्यासारखा. तो बघून दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं की हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. पाण्याची पातळी कमी होत नव्हती. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते. तो थर होता थंड चालणाऱ्या इंजिनातल्या साध्या ओलाव्याचा. तुमच्या एका लबाडीवर दुसऱ्याने मोठं बिल उभं केलं होतं, आणि निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनमधून ते भरलं जाणार होतं. म्हणून मी ती गाडी माझ्या अंगणात आणली.

निदानाला वेळ लागला नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवला. थर्मोस्टॅट असेल तर तो पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग झडप उघडली की एकदम तापतो. इथे तो पहिल्यापासूनच इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला. एवढी तपासणी कोणीही करू शकतं. तुम्हीही करू शकला असता.

काम अवघड नव्हतं, पण चुकायला जागा भरपूर होती. इंजिन पूर्ण थंड हवं, कारण रेडिएटरच्या झाकणाखाली दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच ते उसळून तोंडावर येतं. खालचा प्लग सैल करून सगळं पाणी घमेल्यात घेतलं. ते गंजून विटकरी झालं होतं, त्यात कूलंटचा रंग दिसत नव्हता. एअर फिल्टरची पेटी बाजूला केली, होजची क्लिप पकडीने मागे सरकवली. झाकणाच्या दोन बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, कारण ते ज्यात बसतात ते मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचं असतं आणि जोर केला की आटे जातात. बोल्ट सुटले. झाकण सुटेना, कारण ते तुमच्या सिलिकॉनने चिकटवलेलं होतं. ते सिलिकॉन आतल्या बाजूलाही फुगून आलं होतं. त्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतात, हे तुम्हाला माहीत असायला हवं. मला तिथे तसे तुकडे सापडले.

रेडिएटर उतरवून धुतला, तेव्हा मूळ दुखणं समोर आलं. नळ्यांतून चुना निघाला. इतकी वर्षं गाडीत बोअरचं पाणी ओतलं गेलं होतं. दख्खनच्या काळ्या कातळातून येणारं ते पाणी बहुतेक ठिकाणी कठीण असतं. त्यातले क्षार जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो तिथेच, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, आधी बसतात. मूळ थर्मोस्टॅट अडकला असेल तर याच क्षारांनी आणि गंजाने अडकला असेल. गाडी तापली, ती तुमच्याकडे आली. तुम्ही कारण शोधलं नाहीत. रेडिएटर तुंबलेला ठेवलात, बोअरचं पाणी पुन्हा भरलंत आणि फक्त काटा खाली आणलात.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मी मानते. रात्री घाटात गाडी उकळून उभी आहे, आत लहान मूल आहे, थर्मोस्टॅट मिटलेला अडकलाय आणि जवळ दुसरा नाही, अशा वेळी तो काढून त्या माणसांना घरी पोचवणाऱ्या मिस्त्रीला मी मनापासून नमस्कार करेन. पण तो मिस्त्री जाताना सांगतो: 'हा काढलाय, उद्या नवा बसवून घ्या.' काढलेला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात देतो. तुम्ही गॅरेजात होतात, दिवसा होतात, आणि पार्टचं दुकान काही कोसांवर नव्हतं.

आणि काढल्याने इंजिन थंडच राहील याचीही हमी नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. झडप उघडली की ती चकती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं कूलंट रेडिएटरकडे जातं. तो थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर न बघताच परत इंजिनात शिरतो. अशी गाडी चढणीवर आधीपेक्षा जास्त तापते. मग मालक परत तुमच्याकडेच येतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने लटकवला, तळाला टेकू न देता, आणि थर्मामीटर लावून पाणी उकळत आणलं. ८२च्या आसपास झडप हलली. मग मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, हवा जायच्या छोट्या भोकाची पिन वर, कागदाचं नवं पॅकिंग, दोन्ही बोल्ट आळीपाळीने. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मिसळून सावकाश भरलं, हीटर पूर्ण उघडा ठेवून गाडी चालू ठेवली. अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून गेली, पंखा लागला, बंद झाला, थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरली. घमेल्यातलं जुनं पाणी गटारात टाकलं नाही, गोठ्याजवळही नाही. त्यात कधीकाळचं ग्लायकॉल असू शकतं, ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं. तुमच्या गॅरेजातून ते रोज कुठे वाहतं, हेही बघा.

आता काटा काही किलोमीटरांत अर्ध्याच्या जरा खाली येतो आणि तिथेच थांबतो. ऑइल बदललं, नंतर झाकणाखाली थर आला नाही. हेड खोलावं लागलं नाही. २०१४मध्ये आठशेचं उत्पादन थांबलं, म्हणून या गाड्या आता जितक्या उरल्यात तितक्याच. त्या चालवणारे बहुतेक लोक मावशीसारखे आहेत: दुसरी गाडी न घेऊ शकणारे, किंवा हिच्यावर जीव असलेले, आणि मिस्त्री म्हणेल त्यावर विश्वास ठेवणारे.

तुमच्याकडून मला पैसे नकोत. मला एवढंच हवंय की तुम्ही आणखी किती गाड्यांतून थर्मोस्टॅट काढलेत ते आठवा. गॅरेजच्या वहीत त्यांचे नंबर असतील. हिवाळा तोंडावर आहे. त्या मालकांना फोन करा, काय काढलं होतं ते खरं सांगा, गाड्या बोलवा आणि थर्मोस्टॅट बसवून द्या. मजुरी घेऊ नका. आणि यापुढे काढलेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

– आठशेच्या एका मालकिणीची भाची