बारा कामगाराचे, बारा मालकाचे

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगारपत्रकं बनवतो. त्यामुळे पगाराच्या दिवशी माझ्याशी कुणी धड बोलत नाही. पीएफ मीच खातो, असा सगळ्यांचा पक्का समज आहे.

मी समजावतो. मूळ पगार 15,000 असेल तर 12 टक्क्यांनी 1,800 तुमचे जातात. तेवढेच मालक घालतो. ‘मालक घालतो’ म्हटल्यावर चेहरे जरा खुलतात. मग त्यातले 1,250 पेन्शनकडे वळतात आणि पीएफला 550 च उरतात, हे सांगितलं की पुन्हा माझ्या खिशाकडे नजर. पेन्शन किती? 15,000 च्या मर्यादेवर पस्तीस वर्षं धरली तर महिना 7,500. आमच्याकडे कंत्राटी पोरं पस्तीस आठवडे टिकली तरी आम्ही त्यांना जुनी म्हणतो. त्यात एखादा हुशार नियुक्तीपत्र काढून दाखवतो: मालकाचा हिस्सा तर माझ्याच सीटीसीत धरलाय! म्हणजे मालकाने माझ्याच खिशातून दानधर्म केला. यावर मी चहा मागवतो.

ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं प्रकरण त्याहून मजेदार. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन, आणि त्यात घरादाराचं औषधपाणी. पण पगार 21,000 च्या वर गेला की चालू सहामाही संपेपर्यंतच वर्गणी कापली जाते, आणि तिच्यामागचा लाभाचा काळ सरला की कार्ड बंद. एका ऑपरेटरला 300 रुपयांची वाढ मिळाली आणि तो नेमका या रेषेपलीकडे गेला. घरी आई आजारी. केबिनमध्ये येऊन म्हणाला, “साहेब, माझं काय चुकलं?” वाढ परत करायचा फॉर्म आमच्याकडे नाही.

हे रडगाणं मी साडूला ऐकवलं की तो खूष होतो. तो चिंचणीचा डायमेकर. लोखंडी ठोकळ्यावर अशी नक्षी कोरतो की सोनाराने त्यावर पत्रा ठोकला की दागिन्याचा आकार उठावा. त्या पट्ट्यात घरोघरी हा धंदा आहे. “आपल्याला कोण कापणार, दादा? आपणच सेठ!” हे त्याचं पालुपद. पण मध्यंतरी सोन्याचे भाव चढले, दागिने घ्यायला लोक कचरायला लागले, डायच्या ऑर्डरी आटल्या, आणि सेठ माझ्याकडे आले. “म्हातारपणाचं काय करायचं?”

मी अटल पेन्शन योजनेचं सांगितलं. अठराव्या वर्षी सुरू केलं असतं तर महिना 210 रुपयांत साठीनंतर 5,000 पेन्शन.

“आणि आता?”

“आता चाळीसच्या आत पाहिजे.”

साडू त्रेचाळीस. असंघटित कामगारांसाठीची श्रमयोगी मानधन काढली, तिथेही तेच, अठरा ते चाळीस. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला म्हातारपण येतच नाही, अशी सरकारची समजूत असावी. उरलं एनपीएस, नाहीतर पोस्टातलं पीपीएफ. पीपीएफमध्ये वर्षाला 500 रुपये भरले तरी चालतं, वयाची अट नाही. फक्त भरायचे आपले आपण. पगारदाराचं बरं असतं, पैसा हातात येण्याआधीच कुणीतरी कापतो आणि त्याला शिव्या घालायची सोय होते. स्वतःला कापणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

साडूनेही दोन महिने भरले आणि थांबला. मग मेव्हणीने सूत्रं हाती घेतली. मला फोन करून टक्केवारी विचारून घेतली आणि त्याच शनिवारपासून कामाचे पैसे आले की आधी 12 टक्के कामगाराचे, मग 12 टक्के मालकाचे.

“अगं, पण दोघं मीच ना!”

“म्हणून तर चोवीस.”

शिवाय पाऊण आणि सव्वातीन मिळून चार टक्के दवाखान्याचे. ते फडताळातल्या डब्यात जातात. पेन्शनचा वेगळा हिस्सा तिने ठेवला नाही. साडूच्या पेन्शनवर तिचा विश्वास नाही.

गेल्या महिन्यात त्याला नवा ग्राइंडर घ्यायचा होता. त्याने आगाऊ रक्कम मागितली. तिने कारण लेखी मागितलं. त्याने वहीचं पान फाडून दिलं, तिने ते वाचून परत केलं: आजारपण, शिक्षण, लग्न किंवा घर, यांतलं काही असेल तर बघू, ग्राइंडर यादीत नाही.

साडू सध्या नात्यात कुणाचं लग्न ठरतंय का, याची चौकशी करत फिरतोय.